दोन्ही बाजूंनी कडी

३२, हेझल स्ट्रीट
ब्रायरवुड, ऱ्होड आयलंड
६ फेब्रुवारी २०१८

श्रीमती एर्सिलिया लोफ्रेदो यांस,

तुम्ही मला ओळखत नाही. हेझल स्ट्रीटवरच्या ज्या घरात तुम्ही संसार केलात, ते दीड वर्षापूर्वी मी विकत घेतलं. तुमचा फ्लोरिडाचा पत्ता शेजारच्या मारझिलीकाकांनी दिला.

मी या घराचा इतिहास जमवते आहे. ग्रंथालयात बसून एवढं हाती लागलं की १९२६ साली ट्रामचा फाटा इकडे आला तेव्हा हे बांधलं गेलं. आधी एक कारकून राहिला, मग पियानो शिकवणाऱ्या दोन बहिणी, आणि १९५१ पासून लोफ्रेदो कुटुंब. त्यापुढचं कुठेच लिहिलेलं नाही. तळघरात एक पुरं स्वयंपाकघर आहे. गॅसची मोठी शेगडी, दगडी मोरी, भिंतीतली कपाटं, आणि बाजूच्या अंगाला बाहेर उघडणारं वेगळं दार. तुमच्या काळात खाली भाडेकरू राहत होते का? कोण होते, कधीपासून होते, हे आठवेल तसं कळवलंत तर फार आभारी होईन.

आपली,
जांदिरा मोंतेइरो

*

फोर्ट पियर्स, फ्लोरिडा
१५ फेब्रुवारी

जांदिरा मोंतेइरो हिला,

पत्र पोचलं. अक्षर चांगलं आहे तुझं. माझं असं नाही. तिसरीत मी शाळा सोडली, शाळेनं मला सोडलं, दोघींना बरं वाटलं. माझी मुलगी लोरेटा म्हणाली, तू सांग, मी टाईप करते. मी म्हटलं नको. ती टाईप करताना माझी वाक्यं धुऊन इस्त्री करून ठेवते.

तळघरात भाडेकरू नव्हते. आम्ही भाडेकरू ठेवणारी माणसं नव्हतो. त्या गल्लीतल्या यच्चयावत इटालियन घरांत दोन स्वयंपाकघरं होती, वरचं दाखवायला आणि खालचं रांधायला. वरच्या शेगडीवर कधी दूधसुद्धा तापत नसे. तिच्या पोटात कोरी पातेली रचायची, वर जाळीचा रुमाल घालायचा, रुमालावर संत अंतोनी उभा करायचा. फादर आले की त्यांना वर बसवायचं आणि कॉफी खालून आणायची, निम्मी जिन्यात सांडत. टोमॅटो खाली उकळायचे, सॉसेज खाली भरायचे, भांडणं खाली करायची. सगळं घर दिवसभर जमिनीखाली घुशींसारखं, आणि वरचा मजला देवळासारखा चकचकीत. मोंतेइरो म्हणजे तुम्ही केप व्हर्द बेटांवरचे ना? तुमच्यातही असलं काही वेड असेलच. नसेल तर तुम्ही शहाणे.

बाजूचं दार कोळसा टाकायला पाडलं होतं.

पियानोवाल्या बहिणींच्या केसांतल्या पिना आम्ही फरशीच्या फटींतून वर्षानुवर्षं उकरत होतो. इतिहासात घालायचं तर ते घाल.

आता मी विचारते. दीड वर्ष त्या घरात झोपलीस, उठलीस, आणि इतिहास आत्ता आठवला? खाली भाडेकरू घालायचे असतील तर तसं लिही. उगाच इतिहासाच्या आड लपू नकोस.

एर्सिलिया लोफ्रेदो

*

२४ फेब्रुवारी

श्रीमती लोफ्रेदो यांस,

तुम्ही निम्मं बरोबर ओळखलंत. डिसेंबरमध्ये पाण्याचा बंब बदलायची परवानगी काढली, म्हणून नगरपालिकेचा तपासनीस तळघरात उतरला आणि शेगडीपुढे थांबला. १९६३ साली इथं कायदा झाला आहे. या भागात एका घरात एकच बिऱ्हाड आणि एकच स्वयंपाकघर. त्याआधीपासून खाली वेगळं बिऱ्हाड नांदत होतं असं सिद्ध केलं तर घराला सूट मिळते. नाही तर मे महिन्यातल्या सुनावणीनंतर गॅसची नळी कापतील.

पण भाडेकरूसाठी नाही. खाली माझी आई राहते, बिबियाना. तिचे गुडघे दुखतात, म्हणून तिला खालीच सोयीचं पडतं.

मारझिलीकाका म्हणाले की तुमच्या सासूबाई खाली वेगळ्या राहत होत्या. आणि मी एक गोष्ट पाहिली आहे. आतल्या जिन्याच्या वरच्या दाराचा रंग खरवडला तेव्हा कळलं, त्या दाराला दोन्ही बाजूंनी कडी आहे. वरूनही लावता येते, खालूनही. एकाच घरातल्या दाराला दोन्ही बाजूंनी कडी कशाला लागेल?

तुम्ही नोटरीपुढे दोन ओळींचं निवेदन सही करून दिलंत तर आमची नळी वाचेल.

जांदिरा

*

१९ मार्च

जांदिरा,

उत्तराला उशीर केला. आजारी नव्हते. रागावले होते.

आल्बर्ट मारझिलीला सांग, तुझ्या बायकोनं कुणाकुणाकडून शिळा पाव मागून नेला ते मीही सांगू शकते, पण मी सांगत नाही. शेजार असाच टिकतो.

मी सही करणार नाही. आमच्यात पोरांना दुधाबरोबर एक गोष्ट पाजतात, चारचौघांत शोभा होता कामा नये. घरात एकमेकांचे गळे धरा, पण आधी खिडकी लावा. माझी सासू दोमेनिका लोफ्रेदो आपल्या मुलाजवळ मानानं राहिली आणि मानानं गेली. चर्चच्या पायऱ्यांवर मी कायम तिचा हात धरून चढले. एवढं इतिहासात लिही आणि वही मिट.

आणि तुझ्या आईचे गुडघे. त्या बाजूच्या दाराला बाहेरून पायऱ्या उतराव्या लागतात, हिवाळ्यात त्यांवर बर्फ धरतं. आतला जिना तर भिंतीला टेकवलेल्या शिडीसारखा. गुडघे दुखणाऱ्या बाईला तळघर सोयीचं म्हणे. मी म्हातारी आहे, मूर्ख नाही. स्वतः खोटं लिहायचं आणि माझ्याकडून खऱ्याची सही मागायची, हा कुठला न्याय.

एर्सिलिया

*

२९ मार्च

न्हा एर्सिलिया,

आमच्यात थोर बाईला न्हा म्हणतात. श्रीमती लिहायला आज हात धजत नाही.

आईचे गुडघे ठणठणीत आहेत. माझ्या पुढे चालते ती.

आम्ही घर घेतलं तेव्हा दोघी वरच राहत होतो. ती पहाटेपासून काचुपा शिजत ठेवायची. मका, वाल, डुकराचं मांस, दिवसभर मंद आच. मी इस्पितळातून पाळी संपवून यायचे तर पडद्यांना वास, उशीला वास, माझ्या गणवेशाला वास. एकदा मी नको ते बोलले. म्हटलं, हे माझं घर आहे, फोगो बेटावरची झोपडी नाही. तिनं पातेलं उचललं, तसंच उकळतं, आणि खाली घेऊन गेली. तेव्हापासून खालीच आहे.

नळी कापली तर ती वर येणार नाही. माझ्या बहिणीकडे ब्रॉक्टनला जाईल, तिथं आधीच सहा माणसं आहेत. जाते म्हणत नाही, पण पेटी पलंगाखालून बाहेर आली आहे. खाली शेगडी राहिली तर ती निदान माझ्या पायाखाली तरी राहील. संध्याकाळी जमिनीतून तिचा रेडिओ ऐकू येतो. मला तेवढं पुरे आहे.

तुम्हाला पुन्हा सहीचं विचारणार नाही.

जांदिरा

*

११ एप्रिल

जांदिरा,

आता खरं बोललीस. मग ऐक.

मी १९५६ साली लग्न होऊन त्या घरात आले. एकोणीस वर्षांची, एक ट्रंक आणि भाषा शून्य. नवरा गाएतानो दागिन्यांच्या कारखान्यात पॉलिश करायचा. घर सासूचं. ती ज्या गावातून आली तिथं एकाच खोलीत माणसं, कोंबड्या आणि गाढव, मधोमध चूल, धूर जायला भोक. अमेरिकेत तिनं स्वतःच्या मेहनतीनं एक शेगडी घेतली, पांढरी, पितळी बटणांची, आणि शपथ घातली की ही कधी पेटवायची नाही. तिच्या गावाकडल्या बायका यायच्या, हातानं चाचपून बघायच्या. न पेटलेली शेगडी म्हणजे तिची सगळी अमेरिका होती. आता मला कळतं. तेव्हा मला ती शेगडी आणि ती बाई, दोन्ही सारख्याच थंड वाटायच्या.

फेब्रुवारी ५८. लोरेटा तान्ही, अंगात ताप, घशाखाली काही उतरेना. खाली जिन्यावरून तिला कडेवर घेऊन जायचं म्हणजे वारा लागणार. सासू चर्चला गेली होती. मी संत अंतोनीला उचलून खिडकीत ठेवलं, रुमाल काढला, पातेली काढली, आणि शेगडी पेटवली. बारीक पास्ता शिजवला, लोणी घातलं, पोरीनं चार घास खाल्ले.

सासू आली. काही ओरडली नाही. शेगडीवर काळा डाग पडला होता तिथं बोट फिरवलं आणि म्हणाली, "पेटवलीस ना. मग आता तू इथंच रांध. मी माझं खाली रांधीन."

मी म्हटलं, "बरं."

बस. एवढंच भांडण. मला वाटलं रविवारपर्यंत निवळेल. रविवारी तिनं आपला पलंग खाली न्यायला लावला. पुढच्या महिन्यात गाएतानोकडून ते बाजूचं दार पाडून घेतलं, त्याला घंटा बसवली. कोळसा कसला, आम्ही तेव्हा घर तेलावर तापवायचो. जिन्याच्या दाराला तिनं खालून कडी लावली. म्हणून मी वरून लावली. मी का मागे राहू?

वेगळी चूल म्हणजे वेगळीच. तिचं मीठ वेगळं, तेल वेगळं, कचऱ्याचा डबा वेगळा. रविवारी दोन्ही मजल्यांवर टोमॅटोचा रस्सा रटरटायचा आणि गाएतानो आधी खाली जेवायचा, मग वर जेवायचा, दोन्हीकडे म्हणायचा की सकाळपासून पोटात काही नाही. तोंडानं कमी आणि पोटानं जास्त बोलणारा माणूस. त्याच पोटानं गेला शेवटी.

आणि बाहेर कुणाला पत्ता नाही, कारण दोन स्वयंपाकघरं तर घरोघरी होती. वरच्या खिडकीतून रांधल्याचा वास आला तर लोक म्हणायचे, लोफ्रेदोंकडे पाहुणे दिसतात. आमची फूट आमच्याच रिवाजाखाली झाकून गेली. एका आल्बर्टलाच कळलं, कारण तो आयुष्यभर त्या खिडकीतून हललाच नाही.

काल लोरेटाला सांगितलं की सही करते. ती म्हणाली, "मम्मा, आजीचं, नोन्नाचं, असं भर सभेत वाचून दाखवणार? त्या सभेत अर्धी आपल्या चर्चची माणसं असतात."

मी म्हटलं, "वाचू देत."

"लोक काय म्हणतील?"

"ज्यांचं म्हणणं मला लागायचं ती सगळी कब्रस्तानात आहेत. उरलेल्यांना ऐकायला कमी येतं."

ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. म्हणून आज जरा घरात शांतता आहे.

नोटरीचा कागद सोबत जोडला आहे. त्यात मी कुणाची चूक ते लिहिलेलं नाही. नोटरीनं विचारलं नाही आणि मलाही ठाऊक नाही. मार्च ५८ पासून ७२ साली मरेपर्यंत दोमेनिका लोफ्रेदो खाली स्वतंत्र राहिली, स्वतंत्र शिजवलं, स्वतंत्र जेवली, एवढं शपथेवर आहे.

मला चांगली बाई समजून आभार मानू नकोस. तुझी आई बहिणीकडे गेली तर तू मला आणखी पत्रं लिहिशील. तेवढी माझी नजर आता चालत नाही.

एर्सिलिया

*

१७ मे

न्हा एर्सिलिया,

काल सुनावणी झाली. तुमचा कागद अध्यक्षांनी स्वतः वाचला. त्या कोणी मिसेस देल सेस्तो आहेत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. "मी का मागे राहू" हे तुम्ही शपथपत्रातही घातलंत हे मला माहीत नव्हतं. मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. आई माझ्या शेजारी पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

मग मारझिलीकाका साक्षीला उभे राहिले. सगळं तुमच्यासारखंच सांगितलं. आणि शेवटी, कुणी न विचारता, म्हणाले, "फक्त एका हिवाळ्यात मी एर्सिलियाला झाकलेला वाडगा घेऊन बाहेरून त्या खालच्या दाराशी जाताना पाहिलं. मला वाटलं, चला, मिटलं एकदाचं."

त्यांना वाटलं ते आपल्याच बाजूनं बोलताहेत.

एक तरुण सभासद आहे, वकील. तो लगेच म्हणाला, म्हणजे वरून खाली जेवण जात होतं. सासूला सून जेवण पोचवत असेल तर ते एकच कुटुंब झालं, चुली कितीही असोत. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. त्यांनी तुम्हाला एकच प्रश्न लेखी विचारायला सांगितला आहे: दोमेनिका लोफ्रेदो यांना वरच्या स्वयंपाकघरातून जेवण दिलं जात होतं का, हो की नाही?

तुम्ही नाही लिहिलंत तर एका म्हाताऱ्याच्या शब्दाविरुद्ध तुमची शपथ, तेवढं पुरेल असं मला सांगण्यात आलं. मी तुम्हाला तसं लिहा म्हणत नाही. काय खरं ते लिहा.

घरी आल्यावर आईनं पेटी उघडली. हिवाळी कपडे आधी भरले.

जांदिरा

*

२४ मे

जांदिरा,

हे पत्र त्या सभेत जसंच्या तसं वाचायला दे. लोरेटानं इथं नोटरी बोलावला आहे. बिचारा दुसऱ्यांदा आला, आता त्याला गोष्टीत रस वाटू लागलाय.

हो. दिलं.

सासू जायच्या आधीच्या हिवाळ्यात. दोन दिवस खालून कांदा परतल्याचा वास आला नाही. बाई आजारी असल्याशिवाय तिच्या घरून कांद्याचा वास थांबत नाही. मी कोंबडीचं सूप केलं. आतल्या दाराची माझी कडी मी काढली असती, पण तिची तिच्याकडे होती. म्हणून कोट घालून, वाडगा झाकून, बर्फातून वळसा घालून खालच्या दाराशी गेले आणि घंटा वाजवली. आल्बर्टनं पाहिलं ते एवढंच.

तिनं दार उघडलं. शाल डोक्यावरून, डोळे तापानं लाल. आत ये म्हणाली नाही. वाडगा घेतला. म्हणाली, "बाहेर निसरडं आहे, जपून जा." दार लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मागच्या पायरीवर वाडगा होता. घासलेला, वर इस्त्रीचा रुमाल, आत मधात घोळवलेल्या तळलेल्या गोळ्या, लोरेटाला आवडतात तशा. अंगात ताप आणि बाई तळत बसली होती.

आता त्या वकील मुलाला नीट समजावून सांगा. एका घरातली बाई दुसरीचं भांडं घासते आणि फळीवर ठेवते. त्यात काही घालत नाही, घालायचं कारणच नाही. शेजारणीचं भांडं मात्र कधी रिकामं परत करत नाहीत. दोमेनिका लोफ्रेदोला रीत ठाऊक होती. तिनं माझा वाडगा भरून पाठवला. ती मला काय समजत होती ते यावरून त्याला कळत नसेल, तर त्यानं घरी जाऊन आपल्या आजीला विचारावं.

पुढे तो वाडगा वर खाली जातच राहिला. मी भरून द्यायचे, ती भरून द्यायची. एका टेबलाला आम्ही कधी बसलो नाही. पण एकत्र होतो तेव्हा दोन वर्षं आम्ही एकमेकींचं मीठ चोरून बदलत होतो. शेजारीण म्हणून आमचं चांगलं जमलं. वाईट सासू असते, चांगली शेजारीण असते, आणि दोन्ही एकच बाई असू शकते. हे सभेत वाचलंत तरी चालेल.

एप्रिलमध्ये ती गेली. वाडगा तेव्हा माझ्याकडे होता. त्यात काय घालून द्यावं ते माझं ठरत नव्हतं. मग मी तो घासून फळीवर ठेवला.

एर्सिलिया लोफ्रेदो

*

२१ जून

न्हा एर्सिलिया,

घराला सूट मिळाली. तुमचं पत्र वाचून झाल्यावर मिसेस देल सेस्तोंनी चष्मा काढून पुसला आणि त्या वकिलाला म्हणाल्या, "आणखी काही शंका?" तो म्हणाला नाही. तुम्ही आणि दोमेनिका लोफ्रेदो ही दोन वेगळी बिऱ्हाडं होती, असं आता नगरपालिकेच्या शिक्क्यानिशी आहे. नळी जागेवर आहे. पेटी पलंगाखाली परत गेली.

मारझिलीकाकांनी मला थांबवून विचारलं, "एर्सिलिया माझ्याबद्दल काही म्हणाली का?" मी म्हटलं, शिळ्या पावाचं काहीतरी. ते वळून घरात गेले आणि खिडकी लावून घेतली.

रविवारी आईनं खालून काचुपा पाठवली, मोठं झाकणाचं भांडं भरून. मी टेबलाशी बसून खाल्ली, खिडक्या न उघडता. मग भांडं घासलं, पुसलं, आणि आतल्या जिन्यानं खाली जाऊन तिच्या हातात दिलं.

आईनं झाकण काढून आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "रिकामं? ही रीत शिकवली होती का मी तुला?"

मी तिच्या हातातलं झाकण घेऊन भांड्यावर ठेवलं. एका घरात भांडं रिकामंच परत देतात असं सांगितलं असतं, तर नगरपालिकेचा कागद खोटा पडला असता.

तुमची,
जांदिरा